नऊ वर्षांचे टायर

आज सुरुवात एका तारखेने करूया. ३० नोव्हेंबर २०१३, शनिवार. कॅलिफोर्नियातलं सांता क्लॅरिटा. ‘फास्ट अँड फ्युरियस’वाला पॉल वॉकर एका मदतनिधीच्या कार्यक्रमातून मित्रासोबत गाडीत बसून निघाला. मित्र चालवत होता, पॉल शेजारी. गाडी २००५ सालची पोर्शे करेरा जीटी. काही मिनिटांत ती खांबाला आणि झाडांना धडकली, पेटली, आणि दोघंही गेले. मी तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणी अभ्यासाचं बोललंच नाही.

पुढे मार्च २०१४ मध्ये तपासाचा निष्कर्ष आला. कारण वेग. जिथे मर्यादा ताशी ४५ मैलांची, तिथे गाडी ८० ते ९३ मैलांनी, म्हणजे साधारण १३० ते १५० किलोमीटरने धावत होती. यांत्रिक बिघाड सापडला नाही. पण त्याच तपासात आणखी एक नोंद होती, जी बातम्यांच्या तळाशी गेली: गाडीचे टायर नऊ वर्षं जुने होते, आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झालेला असू शकतो.

आता नीट समजून घ्या. टायरमुळे अपघात झाला असं मी म्हणत नाहीये, तपासानेही म्हटलेलं नाही. पण करेरा जीटी काय चीज होती ते बघा. ५.७ लिटरचं व्ही-१० इंजिन, ६१२ अश्वशक्ती, कार्बन फायबरचा सांगाडा, वजन चौदाशे किलोच्याही आत. मुळात हे इंजिन ल मॉंच्या शर्यतीसाठीच्या, पुढे गुंडाळलेल्या प्रकल्पातलं. चाकं घसरून फिरू नयेत म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल होतं, पण वळणावर गाडी सुटली तर सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी यंत्रणा नव्हती. म्हणजे ड्रायव्हर आणि डांबर यांच्यात उरतं काय? चार टायर. प्रत्येकाचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा, फार तर दोन तळहात.

आणि आता सगळ्यात टोचणारी गोष्ट. २०१३ मध्येच, त्याच वर्षी, पोर्शे आणि मिशलिनने करेरा जीटीसाठी नवीन टायर बाजारात आणला होता, पायलट सुपर स्पोर्ट. खास त्याच गाडीसाठी विकसित केलेला. म्हणजे औषध तयार होतं.

मग नऊ वर्षांचे टायर लोक ठेवतात तरी का? कारण नक्षी दिसते ना शाबूत! अशा गाड्या वर्षाला हजारभर किलोमीटरही फिरत नाहीत. मालक खाली वाकून बघतो, खाचा खोल आहेत, आणि समाधानाने उठतो. मीही असाच उठलो होतो. माझी स्पोर्ट्स कार वगैरे नाही हो, साधी जुनी हॅचबॅक. सेकंडहँड घेतली तेव्हा विकणारा म्हणाला, “टायर ऐंशी टक्के आहेत, दोन वर्षं बघायला नको.” जूनच्या पहिल्या पावसात, कात्रजच्या जुन्या घाटात, वळणावर मागची बाजू पुढे यायला लागली. वेग पस्तीस-चाळीस असेल. शेजारी आई बसली होती. कठड्याच्या अलीकडे गाडी थांबली. आई काही बोलली नाही, फक्त पदराने चष्मा पुसत राहिली. घरी येऊन टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचले, आणि मग या विषयात घुसलो.

ते चार आकडे तुम्हीही आज वाचा. डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. २००० सालाआधी तीनच आकडे असत, त्यामुळे दशक कुठलं हे कळायची पंचाईत. माझ्या गाडीवर होतं २२११. म्हणजे दहा वर्षं.

रबर म्हातारं कसं होतं? ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता त्याला हळूहळू कडक करतात. टायरमध्ये त्यापासून वाचवणारं मेण आणि रसायनं मिसळलेली असतात, आणि ती पृष्ठभागावर यावीत यासाठी टायर फिरायला, लवायला लागतो. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली की उलटंच होतं. जपून ठेवलेली गाडी, आणि तिचेच टायर आतून वाळलेले. म्हणून अनेक कार कंपन्या सहा वर्षांनंतर बदला म्हणतात. मिशलिन सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर काहीही झालं तरी काढा.

इथपर्यंत ठीक. पण मग नवीन कुठले घ्यायचे? जुन्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत खरी डोकेदुखी इथे सुरू होते, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९४६ मध्ये मिशलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं, १९४९ मध्ये तो ‘एक्स’ नावाने विकायला आला. त्याआधीचे टायर क्रॉस-प्लाय. आतले धागे तिरपे, एकमेकांवर विणलेले. वळणावर भिंत वाकली की रस्त्याला टेकलेला भागही तिच्याबरोबर ओढला जायचा. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ, आणि वरून पोलादी पट्टा. भिंत वाकते, पण तळ रस्त्यावर सपाट राहतो. पकड वाढली. पण आधीच्या गाड्यांचं सस्पेन्शन क्रॉस-प्लायच्या स्वभावावर बेतलेलं होतं. जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये आली ती क्रॉस-प्लायवर, रेडियल तिला नंतर मिळाले. थोडक्यात, टायर बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे लॅम्बोर्गिनी काउंटाश. १९७४ च्या पहिल्या काउंटाशला मिशलिनचे एक्सडब्ल्यूएक्स टायर होते, मागचे २१५ मिलिमीटर रुंद, चौदा इंची चाकावर. दरम्यान पिरेलीने लॅन्सिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी पी-७ नावाचा बुटक्या भिंतीचा टायर विकसित केला होता. तो काउंटाशला लावायचं ठरलं. १९७८ च्या एलपी ४०० एस मॉडेलवर मागचे टायर किती रुंद? ३४५ मिलिमीटर! फुटापेक्षा जास्त. ते मावावेत म्हणून चाकांवर फुगीर कमानी आल्या, सस्पेन्शन नव्याने बसवावं लागलं. आपण पोस्टरवर बघतो ती फुगलेल्या मांड्यांची काउंटाश ही टायरने घडवलेली आहे. आणि गंमत म्हणजे तिचा सर्वोच्च वेग आधीच्या बारीक टायरवाल्या गाडीपेक्षा कमी झाला. रुंद टायर हवेला अडतात.

तेव्हा जुन्या गाडीला ‘सगळ्यात चिकट टायर’ लावणं हा मला तरी पोरकटपणा वाटतो. जास्त पकड म्हणजे बेअरिंग, बुश, सस्पेन्शनच्या दांड्या, सगळ्यांवर जास्त ताण, आणि ते भाग त्या ताणासाठी बनलेलेच नसतात. शिवाय जुना टायर सुटायच्या आधी कुरकुरायचा, घसरत घसरत सांगायचा. काही आधुनिक टायर शेवटपर्यंत गप्प असतात आणि मग एकदम सोडतात. ज्या गाडीत सावरणारं इलेक्ट्रॉनिक्स नाही, तिला बोलका टायर हवा.

पोर्शेने यावर उपाय काढला तो एन खुणेचा. एखादा टायर विशिष्ट पोर्शेवर तपासून मान्य झाला की त्याच्या भिंतीवर एन-० लिहितात, सुधारित आवृत्तीला एन-१, मग एन-२. शून्यापासून मोजणी! आम्हा कोडवाल्यांना लगेच आपलंसं वाटतं. नियमही ओळखीचा: एकाच गाडीवर वेगवेगळ्या आवृत्त्या मिसळू नका. आमच्याकडे लायब्ररीची आवृत्ती चुकली तर बिल्ड तुटतं. घाटात काय होतं ते मी पाहिलंय.

पण मूळ टायर बनणंच बंद झालं तर? मिशलिन आणि पिरेली दोघीही आता जुन्या गाड्यांसाठी जुन्या मापांचे, जुन्या नक्षीचे टायर पुन्हा बनवतात. एक्सडब्ल्यूएक्स मिळतो, पी-७ मिळतो, फेरारी एफ४० चा पी झिरोही मिळतो. पिरेलीच्या या मालिकेचं नाव ‘कोलेझिओने’. बाहेरून जुना चेहरा, आत आजचं रबर. २०२१ मध्ये लॅम्बोर्गिनीने काउंटाशचा १९७१ चा पहिला नमुना पुन्हा घडवला, कारण मूळ गाडी १९७४ मध्ये क्रॅश टेस्टला देऊन भंगारात गेली होती. तेव्हा पिरेलीने आपल्या संग्रहातल्या जुन्या कागदपत्रांवरून त्या गाडीचा सिंटुराटो सीएन-१२ टायर परत तयार केला. एका गाडीसाठी!

आणि करेरा जीटी? तिच्यासाठी २०२४ मध्ये मिशलिनचा पायलट स्पोर्ट कप २ आला. योर्ग बर्गमाइस्टरने तो लावून नुरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेवर फेरी मारली, ७ मिनिटं १२.६९ सेकंद. वीस वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा सोळा सेकंदांहून जास्त वेगवान, आणि इंजिन तेच.

माझ्या हॅचबॅकला मी मूळ मापाचेच चार टायर एकदम घेतले. दुकानदार एक माप रुंद घ्या म्हणून मागे लागला होता, छान दिसतं म्हणाला. बसवायच्या आधी चारही टायरवरचे आकडे टॉर्च लावून वाचले. त्यातला एक तीन वर्षं जुना निघाला, तो परत दिला. दुकानदार वैतागला. आई बाहेर खुर्चीवर बसून होती. तिने हाक मारून विचारलं, “आता सगळे याच वर्षीचे ना रे?”