वायर कुणाची?

घरातल्या विजेचं बिल आपण दर महिन्याला बघतो. पण ती वीज आणणारी वायर कुणाची, हा प्रश्न सहसा पडत नाही. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्योनाऊला तो पडला. जेमतेम अडीच हजार वस्तीचं हे गाव.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. किरणोत्सारी ढग दक्षिण जर्मनीपर्यंत पोचले. मुलांना बाहेर खेळू द्यायचं का, दूध द्यायचं का, या काळजीतून गावातल्या काही पालकांनी एक गट केला. पाच मुलांची आई असलेल्या उर्सुला स्लाडेक आणि त्यांचे डॉक्टर पती मिखाएल त्यात पुढे होते.

सुरुवात अगदी घरगुती होती. अणुवीज नको असेल तर आधी आपला वापर कमी करू, म्हणून गटाने वीजबचतीच्या स्पर्धा भरवल्या. पण बचत करणाऱ्याचा फायदा होईल अशी दररचना करायला वीज कंपनी तयार नव्हती. जास्त वीज खपण्यातच तिचा धंदा होता. गाव कितीही काटकसर करो, नियम वायरीच्या मालकाचेच चालणार, हे लोकांना तेव्हा कळलं.

कंपनीचा गावाशी असलेला करार १९९४मध्ये संपणार होता. तो मुदतीआधीच वाढवून घेण्यासाठी कंपनीने गावाला १ लाख मार्क देऊ केले. घाई करू नका, तेवढेच पैसे आम्ही देतो, असं म्हणत गटाने वर्गणी जमवली. तरीही गावच्या परिषदेने कंपनीची बाजू घेतली. मग १९९१मध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी परिषदेचा निर्णय फिरवला. पुढे परवाना नागरिकांच्या कंपनीला मिळाला, तेव्हा विरोधकांनीही सार्वमताचाच मार्ग धरला. हौशी लोकांच्या हाती वीज सुरक्षित राहील का, ही शंका खोटी नव्हती. मार्च १९९६मध्ये नागरिकांची कंपनी सुमारे ५२ टक्के मतांनी जिंकली.

आता जाळं विकत घ्यायचं होतं. जुन्या कंपनीने ८७ लाख मार्क मागितले. गटाच्या हिशोबाने किंमत त्याच्या निम्म्याहून कमी होती. देशभर देणग्यांची मोहीम निघाली. तिची घोषणा होती, ‘मी एक बिघाड आहे’. अणुभट्टीतल्या दुर्घटनेसाठी वापरला जाणारा शब्दच साध्यासुध्या लोकांनी स्वतःला लावून घेतला होता. १ जुलै १९९७ला गावच्या वायरी गावकऱ्यांच्या झाल्या. २०११मध्ये उर्सुला यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हरलेला ४८ टक्क्यांचा गट. त्यांच्याही घरात आता याच वायरीतून वीज येणार होती. आज आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचा ठराव येतो, तेव्हा चर्चा पॅनेलच्या किमतीवर अडकते. पण खर्च कुणी किती उचलायचा, वीज कशी वाटायची आणि वरच्या मजल्यावरच्या नाराज काकांचं काय, हे सर्वसाधारण सभेतच ठरवावं लागतं. श्योनाऊला त्यासाठी अकरा वर्षं लागली.