प्रतींचा साठा आणि वेळेचा हिशेब

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी नेवासे हे गाव आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे हा ग्रंथ टिकला तो प्रतीवरून प्रत करत. एक प्रत वाळवीने खाल्ली किंवा पुरात भिजली, तरी दुसरी कोठेतरी शिल्लक असे. पण प्रत करताना अक्षर सुटे, शब्द बदले, एखादी ओवी वाढे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांना पाठभेदांनी अशुद्ध झालेला हा ग्रंथ शोधून शुद्ध करावा लागला. यापुढे कोणी स्वतःची ओवी यात घालू नये, असे बजावावेही लागले.

यातून एक गोष्ट दिसते. प्रती असणे हे एक काम झाले. त्यांतून हवी ती प्रत बिनचूक आणि वेळेवर हाती येणे हे दुसरे काम, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड आहे. आजच्या संगणकांनाही हे दुसरे कामच जड जाते.

१९६७ च्या आरंभी अमेरिकेत केंब्रिज येथील आयबीएमच्या केंद्रात सीपी-४० ही प्रणाली चालू झाली. एकाच संगणकावर काम करणाऱ्या अनेकांपैकी प्रत्येकाला आपल्यापुढे स्वतंत्र संगणक आहे असे तिच्यामुळे भासे. अशा भासणाऱ्या संगणकाला आभासी यंत्र म्हणतात. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने हे तंत्र साध्या पीसीवर आणले. आभासी यंत्र म्हणजे शेवटी डिस्कवरच्या काही मोठ्या फाइली. फाइलची प्रत निघते, म्हणजे सबंध संगणकाचीच प्रत निघते! त्यामुळे बँका, कारखाने, महाविद्यालये आपल्या आभासी यंत्रांच्या प्रती रोज रात्री नेटवर्कवरच्या एका सामाईक साठ्यात ठेवू लागली.

पहिले काही महिने सारे सुरळीत चालते. मग रात्रीचे काम सकाळच्या कचेरीच्या वेळेत शिरते. 'नेटवर्क हळू आहे' असे म्हणून नव्या तारा टाकल्या जातात, तरी फरक पडत नाही. असे का व्हावे?

उत्तरासाठी १९५६ सालात जाऊ. त्या वर्षी आयबीएमची रॅमॅक ही पहिली हार्ड डिस्क आली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत ५० लाख अक्षरे मावत. हव्या त्या जागी पोहोचायला सरासरी ०.६ सेकंद लागे. आज २० टेराबाइटची डिस्क मिळते. म्हणजे साठवण सुमारे ४० लाख पट वाढली. पोहोचण्याचा वेळ मात्र सुमारे ०.०१२ सेकंदावर आला आहे, म्हणजे फक्त ५० पट सुधारला! कारण सोपे आहे. तबकडी फिरावी लागते आणि वाचणारा हात हलावा लागतो. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हाताखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. त्यात हात सरकण्याचे सुमारे ८ मिळवा. सेकंदाला जेमतेम ८० उड्या होतात.

आता वर्गात करता येईल असे गणित पाहू. गिगाबिट नेटवर्कवरून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जातात. सलग वाचताना डिस्कही तेवढा वेग देते. १ टेराबाइटचे आभासी यंत्र या वेगाने अडीच तासांत परत मिळेल. पण तीच माहिती ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत विखुरलेली असली, तर ८० उड्यांत सेकंदाला सुमारे ५ मेगाबाइटच हाती येतात. मग लागतील २ लाख सेकंद, म्हणजे सुमारे ५५ तास! नेटवर्क मोकळे पडलेले असते. दमलेला असतो तो डिस्कचा हात.

पण माहिती विखुरते कशी? याचे उत्तर पुण्यातच सापडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९६६ मध्ये पुऱ्या झालेल्या या कामासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. तेवढी महाभारते छापणे शक्यच नव्हते. म्हणून सिद्ध केलेला पाठ एकदाच छापला आणि प्रत्येक हस्तलिखितातील फरक तेवढे तळटीपांत दिले. जागा वाचली. पण एखादेच हस्तलिखित त्यातून सलग वाचून पाहा! दर श्लोकाला नजर वरून खाली आणि कधी परिशिष्टात न्यावी लागते.

संगणकांनी हीच युक्ती केली. २००२ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या क्विनलन आणि डॉरवर्ड यांनी 'व्हेंटी' ही साठवण मांडली. तिच्यात प्रत्येक तुकड्याचा एक ठसा काढतात. तोच ठसा आधी नोंदलेला असला, तर तुकडा पुन्हा ठेवत नाहीत. मात्र ठसा आधीचा आहे का हे पाहायलाही डिस्कवर उडी मारावी लागते. २००८ मध्ये झू, ली आणि पॅटरसन यांनी दाखवले, की एकत्र आलेल्या तुकड्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या आणि 'हा तुकडा नवा आहे' हे बहुधा स्मृतीतच ठरवले, तर अशा सुमारे ९९ टक्के उड्या टळतात.

म्हणून संथ साठ्याचे दुखणे शोधताना एका वेळी एकच टप्पा मोजावा. प्रथम डिस्कला हात न लावता, एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत माहिती पाठवून नेटवर्क तपासावे. मग साठ्यावरच एक मोठी फाइल सलग वाचावी. शेवटी लहान, विखुरलेले तुकडे वाचून पाहावेत. पहिल्या दोन्ही चाचण्या ठीक आणि तिसरी वाईट असेल, तर दोष तारांचा नाही. मग प्रती काढणे, जुन्या प्रती मिसळणे आणि तपासणी ही कामे एकाच वेळी लागली आहेत का, ते पाहावे. त्यांच्या वेळा वेगळ्या कराव्यात, अधूनमधून पूर्ण प्रत सलग लिहून ठेवावी, ठशांची यादी वेगवान चिप-डिस्कवर न्यावी. घाईने तपासणीच बंद करणे हा मात्र उपाय नव्हे. न तपासलेल्या प्रतींचे काय होते ते एकनाथांच्या काळातच दिसले होते.

फरक तेवढे ठेवल्याने जागा वाचते, पण त्याची किंमत वाचताना वेळेत चुकवावी लागते. साठा चांगला की वाईट हे प्रत किती लवकर निघाली यावर ठरत नाही. ती परत किती वेळात आणि किती बिनचूक मिळाली यावर ठरते. आपल्या शाळेतील निकालांच्या एखाद्या प्रतीवर ही परीक्षा विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावी. घड्याळ लावून, गरज पडण्यापूर्वी.