साहेबाचे ९६१ माळढोक आणि पारध्याचा एक तितर

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा. विषय शिकारीचा आहे, त्यामुळे आधीच सांगतो, मी शिकारी नाही आणि बंदूक जत्रेतल्या फुग्यांच्या पलीकडे कधी हातात धरलेली नाही.

झालं असं. माझ्या चुलतभावाचा मुलगा हिंजवडीतल्या कंपनीतून अमेरिकेला गेला, मिसुरी राज्यात. मागच्या आठवड्यात त्यानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. अंगात झाडपाल्याच्या नक्षीचे कपडे, खांद्यावर बंदूक आणि हातात पायाला धरलेला भला मोठा रानटर्की. ग्रुपमध्ये निम्म्यांनी अंगठे दाखवले, निम्म्यांनी पाप-पुण्य काढलं, आणि त्याच्या आजीनं "घरी ये, मग बघते तुला" असा आवाज पाठवला.

मी फोन केला. म्हटलं, बाबा रे, वसंत म्हणजे पाखरांच्या विणीचा काळ, तेव्हाच कसली रे शिकार? तो म्हणाला, "काका, वसंतात फक्त नर मारायचा. एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, म्हणून थोडे नर गेले तरी पुढची पिढी अडत नाही. आणि किती मारायचे ते ठरलेलं असतं, मारला की कळवायला लागतं." शिकारीची रीतही त्यानं सांगितली. पहाटे झाडाला टेकून गप बसायचं, लाकडाच्या छोट्या डबीवर घासून मादीचा आवाज काढायचा. नर पिसारा फुलवून शोधत येतो, की बार.

ते ऐकून मला आजोबा आठवले. ही रीत आपल्याकडे होती की! फक्त आपल्याकडे डबीच्या जागी जिवंत पाखरू असायचं.

आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी मारुंजी-नेरे-जांब्याच्या कडेनं गवताचे माळ आणि उघडे डोंगर होते. शिमगा झाला की पोरं-बाप्ये मिळून पारधीला निघायचे. काही जण हाकारे घालायचे, काही जण वाघूर लावून बसायचे. मिळायचा एखादा ससा, तोही सगळ्या आळीत वाटून जेमतेम रस्सा. पाखरांची शिकार मात्र गावकऱ्यांना नीट जमायची नाही. ती पारध्यांची विद्या. वर्षातून एकदा पारध्यांची पालं गावाबाहेर पडायची, बरोबर पिंजरा आणि पिंजऱ्यात पाळलेला तितर.

फागुन-चैतात तितराचा नर फार पेटलेला असतो. सकाळी त्याचं ओरडणं सुरू झालं की माळ दुमदुमतो. पारधी पिंजरा झुडपात ठेवायचा आणि भोवती बारीक काड्यांना बांधलेल्या फासांची ओळ लावायचा. फास घोड्याच्या केसाचे, नाहीतर तातीचे. पिंजऱ्यातला तितर ओरडला की माळावरच्या नराला वाटायचं, आपल्या हद्दीत कोण उपटलं? तो भांडायला धावत यायचा आणि पाय फासात. फासेपारधी हे नावच या फाशांवरून पडलं. काही पारधी शिकवलेली गाय पुढे चालवायचे आणि तिच्या आडून पाखराजवळ जायचे. एका तितरावर घर जेवायचं, दुसरा मिळाला तर बाजारात.

आता हे बाजूला ठेवा आणि दोनशे वर्षं मागं चला.

१८१७ ला खडकीची लढाई झाली, पुढच्या वर्षी पेशवाई बुडाली. त्या लढाईत असलेला एक इंग्रज अधिकारी, विल्यम हेन्री साईक्स, पुढे मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी झाला. माणूस हुशार. गावं, पिकं, पाऊस, माणसं मोजता मोजता त्यानं दख्खनचे पक्षीही मोजले. १८३२ मध्ये त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनला छापून आली. आजही एका चंडोलाला त्याचं नाव आहे. या यादीत तो लिहितो की माळढोक दख्खनमध्ये भरपूर आहे आणि एका 'सद्गृहस्था'नं एकट्यानं हजारभर मारले आहेत.

दुसरीकडे नोंद मिळते ती रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाची. १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर भागात त्यानं ९६१ माळढोक मारले. साईक्सचा सद्गृहस्थ हाच असावा असा माझा अंदाज आहे. अंदाजच, पुरावा नाही.

९६१ हा आकडा नुसता वाचून सोडू नका. वीस वर्षांत ९६१ म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस, जवळजवळ दर आठवड्याला एक. आणि माळढोकाची मादी एका विणीत बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कोल्हा, कुत्रा, गुरांचे पाय, सगळ्यांतून ते वाचलं तर एक पिल्लू. कोंबडीसारखी डझनभर अंडी घालणारं हे पाखरू नव्हे. टर्कीची मादीही दहा-बारा अंडी घालते. म्हणजे आमचा पुतण्या जो हिशेब सांगतो तो टर्कीला लागू पडतो, माळढोकाला अजिबात नाही.

माळढोक मारायचा कसा, याचीही साहेबांची युक्ती होती. पाखरू लांबून माणूस ओळखून उडतं, पण बैलगाडीला बुजत नाही, कारण बैलगाडी त्यानं रोजच पाहिलेली. म्हणून साहेब बैलगाडीत बसून गोल गोल फिरत जवळ जायचा. पारधी गाईच्या आडून, साहेब बैलांच्या आडून. विद्या तीच.

याहून वाईट हाल झाले तणमोराचे. माळढोकाचाच धाकटा भाऊबंद, कोंबडीएवढा. एरवी गवतात असा दडून राहतो की पायाखाली आला तरी दिसत नाही. पण पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, काळाभोर झालेला नर मादीला दिसावं म्हणून गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो आणि खाली पडतो. दिवसातून शेकडो वेळा. जागा तीच, उडी तीच. बंदूकवाल्याला आणखी काय पाहिजे? नेम धरून बसा, पुढची उडी मारली की घाला गोळी. मांस चवदार म्हणून तणमोराला मेजवानीत मान, त्यामुळे विणीच्या मोसमातच त्याची सर्वांत जास्त शिकार झाली. यात नरच मरायचे हे खरं, पण पुढची पिढी चालवायला उभे ठाकलेले नर. टर्कीचा नियम मोजून मापून केलेला आहे. इथं मोजणारा कुणी नव्हता, होता तो फक्त मारणारा.

याचा अर्थ कायदा नव्हताच असा नाही. १८८७ मध्ये रानपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा आला. त्यात काय होतं ऐका. विणीच्या काळात ताजे मारलेले रानपक्षी नगरपालिकेच्या आणि छावणीच्या हद्दीत जवळ बाळगायला, विकायला स्थानिक सरकारला बंदी घालता येईल. म्हणजे खडकीच्या किंवा पुण्याच्या छावणीच्या बाजारात पाटी घेऊन बसणारा अडकणार, आणि माळावर बंदूक घेऊन उभा असलेला साहेब मोकळा. बाजारात पाटी घेऊन कोण बसायचं? पारधी, भिल्ल, कोळी, गरीब माणूस. शिकारीच्या बंद मोसमाची तरतूद आली ती पुढे १९१२ च्या कायद्यात.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. १८७१ मध्ये सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारध्यांच्या अनेक गटांवर जन्मानंच गुन्हेगार असा शिक्का बसला. हजेरी लावा, परवानगीशिवाय गाव सोडू नका. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायची वसाहत होती, त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. जो माणूस मोसमाप्रमाणे पाखरांच्या मागं फिरून जगायचा, त्याला फिरणंच बंद. ९६१ माळढोक मारणारा पुस्तकात 'सद्गृहस्थ', आणि फासात तितर धरणारा पोलिसांच्या वहीत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. शिक्का गेला का, हे कुठल्याही गावात पारध्यांचं पाल पडलं की लोक काय बोलतात ते ऐका आणि तुम्हीच ठरवा. आपल्या गावात काय बोलतात ते मला माहिती आहे, आणि लहानपणी मीही तेच बोलायचो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं १९५१ मध्ये रानजनावरं आणि रानपक्ष्यांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. देशाचा वन्यजीव कायदा १९७२ चा. तरी काही जातींची परवान्यानं शिकार चालू राहू शकत होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. आता तितर धरणंही गुन्हा आहे, ते बरोबरच आहे. पण पारध्याच्या हातातला फास काढून घेताना त्या हातात दुसरं काय दिलं, हा प्रश्न कायद्यात कुठं आलाच नाही. वाशीम-अकोल्याकडे काही वर्षांपूर्वी फासेपारधी तरुणांनाच बरोबर घेऊन तणमोराच्या नोंदी ठेवायचं काम सुरू झालं. बरोबर माणसाकडं काम गेलं असं मला वाटतं. तणमोर गवतात कुठं बसतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात अभयारण्य झालं, नान्नज त्याचंच. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. शेतकऱ्याला स्वतःची जमीन विकायची पंचाईत झाली, आणि वैतागाचा धनी ठरलं बिचारं पाखरू. पुढे हद्द कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणली. तोवर माळ नांगरले गेले होते, ऊस आला होता, विजेच्या तारा आल्या होत्या. माळढोक जड पाखरू, समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात. महाराष्ट्रात एखादा दिसला तरी बातमी होते. एके काळी हाच राष्ट्रीय पक्षी व्हावा असं सालीम अलींचं मत होतं. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला.

मोराचं बरं चाललंय. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला जाऊन या. तिथं लोकांनी मोराला हात लावला नाही, झाडं ठेवली, दाणे टाकले, मोर राहिले.

आता पुतण्याच्या टर्कीकडे परत येतो. तिथंही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रानटर्की संपत आला होता, बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी. मिसुरीत १९३७ मध्ये त्याची शिकार पूर्ण बंद केली. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांवर खर्च करायचा. रानातले टर्की धरून दुसऱ्या रानात सोडले. १९६० च्या वसंतात मिसुरीनं शिकार पुन्हा उघडली. तेवीस वर्षं थांबले लोक. ही पोस्ट वाचून "मग आपल्याकडेही शिकार सुरू करा" असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका. एक अंडं घालणाऱ्या पाखराला तो हिशेब लागत नाही हे वर लिहिलंय. पण तेवीस वर्षं त्यांनी टर्कीसाठी रान राखून ठेवलं होतं, हे मात्र मला झोंबलं.

कारण आपल्या मारुंजीत माळढोक होता असं मी म्हणणार नाही. आपण मावळाच्या कडेला, इथं भात आणि डोंगर. त्याचं राज्य पूर्वेला, नगर-सोलापूरच्या माळांवर. पण तितर होता, लावा होता, ससा होता. आणि त्यांना कुणा साहेबानं संपवलं नाही. पारध्यानं तर नाहीच, त्याची पालं पडायची बंद होऊन तीस-चाळीस वर्षं झाली. आयटी पार्क आलं, जमिनीला भाव आला, मीही गुंठे विकले, खोटं कशाला बोलू. गवताच्या माळाला सातबाऱ्यावर आपण पडीक म्हणतो, पोटखराबा म्हणतो. जिथं काही पिकत नाही तिथं काही राहतच नाही असं धरून चालतो.

आपली गावं महापालिकेत घ्यायची चर्चा पुन्हा सुरू आहे. ती होईल तेव्हा होईल. आराखड्यात गायरान आणि डोंगरउतार कुठल्या रंगात दाखवलेत, हे हरकतीची मुदत संपायच्या आत बघायला लागेल. मी बघणार आहे. कुणाला बरोबर यायचं असेल तर निरोप द्या.

आणि एक विनंती. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांचा बंदुकीचा जुना परवाना, पीकसंरक्षणाचा दाखला, वाघुरीचा तुकडा, शिमग्याच्या पारधीचा फोटो असेल तर टाकून देऊ नका, मला फोटो काढू द्या. गावातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना विचारा, शेवटचा तितर कुठं ऐकला होता. मी स्वतः ऐकला तो मागच्या चैतात, डोंगराच्या वरच्या अंगाला, पत्र्याच्या कुंपणाच्या आत. सकाळचे सहा वाजले होते. खाली काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला आणि तो गप्प झाला.