चक्राला आरे किती?



गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. विहाराला रंग दिला, पताका लागल्या आणि दर्शनी भिंतीवर धम्मचक्र काढायचं काम आपल्या वस्तीतल्या हायस्कूलच्या मुलांकडे दिलं. नववीतल्या एका मुलीने खडू हातात घेतला आणि विचारलं, "काका, आरे किती काढू? आठ का चोवीस?" आम्ही सात-आठ मोठी माणसं तिथे उभी होतो. कुणी आठ म्हणालं, कुणी चोवीस. एकजण म्हणाला, "काढ की माय कितीही, चक्र दिसल्याशी कारण." पोरगी गप्प बसली. खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हालाच लाज वाटली. ज्या चक्रापुढे रोज हात जोडतो, त्याची आम्हाला ओळख नाही. वर्धापन दिनाच्या निमित्ताने त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, म्हणून हा लेख.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर काही शतके त्यांची मूर्ती घडवली जात नव्हती. मग शिल्पकार बुद्ध दाखवायचे कसे? तर खुणेने. हत्ती म्हणजे महामायेचे स्वप्न आणि जन्म. स्वार नसलेला घोडा म्हणजे गृहत्याग. बोधिवृक्ष आणि त्याखालचे रिकामे आसन म्हणजे संबोधी. चक्र म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन. स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण. सांचीच्या पूर्वेकडील तोरणावर कंथक घोडा पुन्हा पुन्हा कोरला आहे. त्याच्यावर छत्र धरले आहे, पण पाठीवर कुणी नाही. शेवटी फक्त पावलांच्या खुणा आहेत आणि त्यांच्यापुढे सारथी वाकलेला आहे. अशा खुणेला प्रतीक म्हणतात. अक्षर न येणाऱ्या माणसालाही ती वाचता यायची. पुढे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत मथुरा आणि गांधार येथे बुद्धमूर्ती घडू लागल्या.

हा सगळा प्रवास आपल्याला अजिंठ्यात एकाच ठिकाणी पाहायला मिळतो. ९ आणि १० क्रमांकाची लेणी इसवी सनापूर्वीची. तिथे स्तूप आहे, त्यावर मूर्ती नाही. १९ आणि २६ क्रमांकाची लेणी पाचव्या शतकातली. तिथे स्तूपावरच बुद्ध कोरलेले आहेत. हायस्कूलच्या मुलाला प्रतीक आणि प्रतिमा यांतला फरक समजावून सांगायला यापेक्षा चांगला फळा कुठे मिळणार?

अजिंठा आपल्यापासून लांब आहे असं कुणी समजू नये. पाचव्या शतकातली लेणी वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली गेली. १६ क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिले. तसा शिलालेखच तिथे आहे. या वाकाटकांची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. त्यांच्याच घराण्यातल्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटात नांदीकट, म्हणजे नांदेडच्या मुलखातले गाव दान दिल्याची नोंद आहे. वाशीम आणि नांदेड यांच्या मधोमध आपली हिंगोली. म्हणजे ज्या राज्यात अजिंठा रंगला, त्याच राज्यात आपला हा मुलूख होता.

त्या भिंती रंगवल्या कशा, तेही मुलांना सांगितलं पाहिजे. दगडावर माती आणि भुसा यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग. गेरूचा लाल, पिवळ्या मातीचा पिवळा, दिव्याच्या काजळीचा काळा. हे सगळं इथल्याच मातीतलं. फक्त निळा रंग लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून यायचा. आपल्या आया-बहिणी पोतेरं फिरवतात, चुना देतात, गेरूचा पट्टा ओढतात. अजिंठ्याच्या कलाकाराच्या हाताशी यापेक्षा फार वेगळं सामान नव्हतं.

आता शाळेच्या मुलांकडे येऊ. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी त्या अंधाऱ्या लेण्यांत बसून भिंतीवरच्या चित्रांच्या नकला उतरवत. रेषा कशी वळते, डोळा कसा काढतात, हाताची मुद्रा काय सांगते, हे ते भिंतीकडून शिकले. त्यांच्या बऱ्याच नकला इंग्लंडला पाठवल्या आणि १८८५ साली तिथल्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल याने काढलेल्या नकलाही १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. चित्रे जळाली, पण हाताला लागलेले वळण जळाले नाही.

पुढे १९०९ ते १९११ या काळात हेरिंगहॅम नावाच्या बाई पुन्हा नकला काढायला अजिंठ्याला आल्या. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल बोस होते. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. अजिंठा तेव्हा निजामाच्या संस्थानात होता आणि आपली हिंगोलीही त्याच संस्थानात होती.

हेच नंदलाल बोस पुढे शांतिनिकेतनात शिक्षक झाले. प. पू. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष असताना जे संविधान तयार झाले, त्याच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पाने नंदलालबाबूंनी आपल्या विद्यार्थ्यांच्या मदतीने सजवली. त्यात तथागतांच्या जीवनातला प्रसंग आहे, सम्राट अशोकाच्या धम्मप्रसाराचे चित्र आहे. त्या प्रतीवरचे चार सिंह काढले दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याने. त्यासाठी तो कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन खरे सिंह न्याहाळत असे, असे सांगतात. विद्यार्थी मित्रहो, संविधान आपण डोक्यावर घेतो. त्याच्या पानांवर विद्यार्थ्यांचा हात फिरलेला आहे, हे विसरू नका.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. आर्य अष्टांगिक मार्ग सांगणारे धम्मचक्र आठ आऱ्यांचे काढतात. चोवीस आऱ्यांचे चक्र सम्राट अशोकाच्या सारनाथच्या सिंहशीर्षावरचे. हे शीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात सापडले. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, त्यावर हेच चक्र आले. ध्वजाचा विचार करणाऱ्या समितीत बाबासाहेबही होते. प्रतीत्यसमुत्पादाच्या १२ कड्या सुलट आणि उलट धरून २४, असाही अर्थ सांगितला जातो. म्हणून विहाराच्या भिंतीवर आठ आणि तिरंग्यावर चोवीस. दोन्ही आपलीच, पण अर्थ वेगळा.

काढायचं कसं? कंपास घ्या. आठसाठी वर्तुळात एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन व्यास काढा आणि प्रत्येक काटकोन दुभागा, ४५ अंशांवर आरे येतात. चोवीससाठी कंपासात त्रिज्येएवढेच अंतर ठेवून परिघावर खुणा करत जा, सहा भाग पडतील. ते दुभागले की १२, पुन्हा दुभागले की २४. प्रत्येक आऱ्यामध्ये १५ अंश. हीच कर्तव्यभूमिती एलिमेंटरी परीक्षेला येते. अजिंठ्याच्या छतावरची कमळे, वेली, हंस नीट पाहिले तर संकल्पचित्राला नक्षी शोधत बसावं लागणार नाही.

एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरचं पोरगं दहावीत असताना वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचं. आम्ही वही हिसकावून घेतली आणि म्हणालो, "चित्रं काढून पोट भरतं का?" पोरगं शिकलं, नोकरीला लागलं, पण पेन्सिल पुन्हा हातात धरली नाही. आमच्या बापजाद्यांना पाटीलाही हात लावू दिला गेला नव्हता. म्हणून आम्हाला अक्षराची भूक फार, आणि ती बरोबरच आहे. पण अक्षराच्या भुकेपायी आम्ही रेषेला फालतू ठरवलं, ही आमची चूक झाली. पुष्कळ शाळांत चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो आणि आपण पालक त्याबद्दल कधी तोंड उघडत नाही.

तेव्हा सगळ्या समाजबांधवांना आमची विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक तास आठवी ते दहावीच्या मुलांना विहारात चित्र काढू द्या. वस्तीतल्या ज्याने इंटरमिजिएट दिली असेल त्याने त्यांच्याजवळ बसावं. मुलांना एलिमेंटरीचा फॉर्म भरू द्या, रंगाच्या पेटीला नाही म्हणू नका. आणि वर्षातून एकदा सहल अजिंठ्याला न्या, फक्त सोमवारी नेऊ नका, त्या दिवशी लेणी बंद असतात. मुलांना आधी १० नंबरच्या लेण्यात उभं करा, मग २६ मध्ये, आणि काय फरक दिसला ते त्यांनाच सांगू द्या.

त्या मुलीने शेवटी आठ आऱ्यांचं चक्र काढलं. कंपास लहान पडला म्हणून खिळा आणि सुतळीने वर्तुळ मारलं. वर्धापन दिनाला विहारात याल तेव्हा दर्शनी भिंतीवर ते जरूर पहा. एक आरा थोडा जाड झाला आहे. आम्ही तो पुसू दिला नाही.

नमो बुद्धाय. जयभीम.