फाइलचाही अंगठा असतो!

जप्त केलेल्या एका कॉम्प्युटरमध्ये लाखो फाइली असतात, त्यातल्या कितीतरी विंडोजच्या नाहीतर ऑफिसच्याच. तपासणारा कुठली कुठली उघडणार?

अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने यावर तोड काढली. बाजारातलं सॉफ्टवेअर गोळा करायचं आणि प्रत्येक फाइलच्या 'हॅश'ची यादी करायची. हॅश म्हणजे गणिताने काढलेला अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. यादीशी जुळलेल्या फाइली बाजूला काढल्या की उरलेल्याच बघायच्या.

पण १९९१ची एमडी५ पद्धत २००४ मध्ये चीनच्या वांग श्याओयुन आणि सहकाऱ्यांनी मोडून दाखवली. मजकूर दोन, ठसा एकच! २०१७ मध्ये एसएचए-१ चीही तीच गत झाली.

आता आपल्याकडे बघा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात डिजिटल पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हॅश लिहायचा आहे. मी तो नमुना वाचला, तर एसएचए-२५६ च्या शेजारी एमडी५ आणि एसएचए-१ सुद्धा आहेतच! रकाना आहे म्हणून जुन्यावरच खूण करायची का?

मोबाइल जप्त झाला तर हॅश लिहिला का आणि कुठला लिहिला, एवढं नक्की विचारा. उद्या तो पुरावा तुमच्या बाजूचा असेल, नाहीतर तुमच्याविरुद्धचा.