लोखंडाचा अंगरखा

दिवाळीआधी घराला रंग काढायचा ठरले की चर्चा होते ती भिंतींची. बैठकीची खोली पिवळसर असावी की आकाशी, यावर घरात दोन तट पडतात. खिडक्यांच्या गजांची चौकशी कोणीच करीत नाही. रंगारी मात्र आल्याबरोबर गजांना हात घालतो. पॉलिश पेपरने तांबेरा खरवडतो, फडक्याने पुसतो, तांबड्या रेड ऑक्साइडचा एक हात देतो आणि तो वाळल्यावरच ऑइल पेंटचा डबा उघडतो. ‘आधी अस्तर, मग रंग’ हे त्याचे शास्त्र.

या शास्त्रामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग बंदुकीच्या अंगावर लिहिलेला आहे. बंदुकीच्या दारूविषयी, पल्ल्याविषयी आणि तिने जिंकलेल्या लढायांविषयी आम्ही मास्तर लोक वर्गात पुष्कळ बोलतो. तिच्या अंगावरच्या रंगाविषयी कोणी बोलत नाही. पण मला वाटते, शत्रू समोर येण्याचे दिवस बंदुकीच्या आयुष्यात थोडे. हवा, पाणी आणि माणसाचा घाम यांच्याशी तिचे युद्ध मात्र रोजचे. या युद्धात माणसाने काय काय केले, तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

लोखंड ही मुळात निसर्गाकडून उसनी आणलेली वस्तू. खाणीत ते शुद्ध रूपात सापडत नाही. प्राणवायूशी जखडलेले, दगडाच्या रूपात असते. कोळशाच्या भट्टीत आपण तो प्राणवायू हिसकावून घेतो. पुढे हवा आणि ओल मिळाली की निसर्ग आपले देणे वसूल करू लागतो. अंगणात सारवायला आणतो तो गेरू आणि गजावरचा गंज ही एकाच कुळातली भावंडे. ॲल्युमिनियमलाही प्राणवायू लागतो, पण त्याचा थर पातळ आणि घट्ट असल्यामुळे तो आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो आणि ओलीला आतली वाट मोकळी करून देतो. बंदुकीचे तर दुहेरी संकट. जुन्या काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेई, त्यामुळे बार उडवून नळी धुतली नाही तर लवकरच तिला आतून गंज धरे.

यावर पहिला उपाय घासण्याचा. अठराव्या शतकात इंग्रज पायदळाच्या बंदुकीची नळी चांदीसारखी लखलखीत असावी असा दंडक होता. विटेची पूड घेऊन शिपाई ती घासघासून उजळ करी. कवायतीच्या मैदानावर हे दृश्य मोठे देखणे दिसत असेल. परंतु प्रत्येक घासणीत लोखंडाचा थोडा अंश झिजे, आणि उन्हात चमकणारी नळी दुरूनच आपला ठावठिकाणा सांगे. १८०० साली इंग्रजांनी बेकर रायफल घेतली. ती वापरणाऱ्या शिपायांना हिरवे कपडे दिले आणि नळीला तपकिरी रंग आणला. मिरवण्यापेक्षा लपण्यात शहाणपण आहे, हे सैन्याला हळूहळू पटू लागले होते.

हा तपकिरी रंग डब्यातून येत नसे. कारागिरांनी तेथे काट्यानेच काटा काढला होता. नळीवरचा तेलाचा अंश चुन्याने पार काढून टाकायचा, सौम्य आम्लाचा द्रव लावायचा आणि नळी दमट जागी ठेवायची. तिच्यावर बारीक, मखमलीसारखा गंज धरला की सुटा भाग तारेच्या ब्रशाने झाडायचा आणि पुन्हा द्रव लावायचा. असे काही दिवस चाले. शेवटी जो घट्ट थर उरे, तो तेल शोषून घेई आणि नव्या गंजाला दारातच अडवी. मधल्या मधल्या पायरीला नळी स्वच्छ पाण्यात उकळली, तर तांबडा थर काळा होतो. लोहचुंबकाच्या दगडात असते तेच हे काळे ऑक्साइड. जुन्या बंदुकींच्या निळसर काळ्या कांतीचे गुपित हे आहे. शत्रूलाच कवायत शिकवून पहारेकरी करण्याचा हा प्रकार!

दुसरी वाट रंगाची. चीन-जपानची लाखकामाची भांडी युरोपात गेली तेव्हा तिकडचे लोक त्या तकाकीवर लुब्ध झाले. त्यांच्याकडे ते झाड नव्हते. मग त्यांनी जवसाचे तेल आणि खनिज डांबर यांचे काळे रोगण केले, ते लोखंडी पत्र्यावर चढवले आणि भट्टीत भाजले. वेल्समधले पॉन्टीपूल आणि इंग्लंडमधले बर्मिंगहॅम या कामासाठी नावाजले. मुद्रणकलेवर प्रेम करणाऱ्यांना येथे एक ओळखीचे नाव भेटेल. ज्याच्या नावाचा सुंदर रोमन टाइप आजही वापरात आहे, त्या जॉन बास्करव्हिलने पैसा मिळवला तो याच धंद्यात. १७४२ साली त्याने या कामाचे पेटंट घेतले, आणि त्या मिळकतीवर टाइप पाडून १७५७ मध्ये व्हर्जिल हा लॅटिन कवी छापला. रोगणाच्या भट्टीवर एक छापखाना उभा राहिला म्हणायचा! आपल्या घरातले आजीचे सिंगरचे शिवणयंत्र आठवा. त्याच्या काळ्याभोर अंगावरची तकाकी याच भाजलेल्या रोगणाची.

पण निव्वळ रोगणाला एक खोड असते. एकदा टवका उडाला की ओल आत शिरते आणि रंगाखालून गंज पसरत जातो. गुळगुळीत पोलादाला रंग घट्ट धरतही नाही. त्याला अस्तर हवे होते. ते १९०६ साली मिळाले. थॉमस वॉट्स कॉस्लेट या इंग्रजाने फॉस्फरिक आम्ल आणि लोखंडाचा कीस यांच्या उकळत्या द्रवात वस्तू बुडवून काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. लोखंडाचा वरचा पापुद्रा या द्रवात बारीक राखाडी स्फटिकांचा होतो. १९१५ मध्ये अमेरिकेत पार्कर यांनी याच कामासाठी कंपनी काढली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रायफलींचा तो करडा, निस्तेज रंग ‘पार्करायझिंग’ या नावाने जगभर गेला.

येथे आपल्या दिल्लीची आठवण निघणे अपरिहार्य आहे. कुतुबमिनाराच्या आवारातला सात मीटर उंचीचा, सहा टनांहून जड असा गुप्तकालीन लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्या काळच्या भट्टीत चुनखडी घालत नसत, त्यामुळे धातूत फॉस्फरस बराच राहिला. त्यातून पृष्ठभागावर फॉस्फेटयुक्त पातळ कवच तयार झाले आणि दिल्लीच्या कोरड्या हवेने त्याला साथ दिली, असा त्यांचा निष्कर्ष. जे अस्तर कॉस्लेटने आम्लातून चढवले, ते या स्तंभाच्या अंगातूनच उमलले होते.

अस्तर मिळाल्यावर अंगरखाही टिकू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० च्या सुमारास, ब्रिटिश रायफलींना आधी फॉस्फेट आणि त्यावर ‘सनकोराइट’ नावाचा भट्टीत भाजायचा काळा रंग देऊ लागले. हौसेची निळी कांती मागे पडली. रंग स्वस्त, काम झटपट आणि चमक मुळीच नाही!

आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरला १७८७ साली बंदुकीच्या दारूचा कारखाना निघाला आणि १९०४ मध्ये तेथे रायफलींचा कारखाना उभा राहिला. थ्री-नॉट-थ्री रायफल तेथलीच. १९६२ च्या चीनशी झालेल्या युद्धात आपल्या जवानांच्या खांद्यावर तीच होती. त्या युद्धानंतर तिचाच साचा, पण अधिक मजबूत पोलाद वापरून, ७·६२ मिलिमीटरची नवी रायफल ईशापुरात होऊ लागली. पोलिसांकडे मात्र जुनी थ्री-नॉट-थ्री फार वर्षे राहिली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला तेव्हा काही पोलिसांच्या हाती तीच होती, आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

अशा मोडीत निघालेल्या पुष्कळ रायफली अमेरिकेत विकल्या गेल्या. तिकडे जुनी रायफल घेऊन घरीच तिला नवा रंग देण्याचा छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे बंदूक ही परवान्याची वस्तू, म्हणून या छंदाला वाव नाही. पण त्याची रीत ऐकण्याजोगी आहे. सुटे भाग उलगडून त्यांच्यावरचा तेलाचा अंश पूर्ण काढायचा, कारण बोटाचा ठसा राहिला तरी तेथला रंग सुटतो. मग पृष्ठभाग खरखरीत करून किंवा फॉस्फेट चढवून तो भाग किंचित गरम करायचा आणि रंगाचे पातळ हात द्यायचे. शेवटी रंगाच्या जातीप्रमाणे १२० ते १६० अंश सेल्सिअसवर तासदोन तास भाजायचे. स्वयंपाकाची भट्टी या कामाला वापरू नये, वाफा विषारी असतात. नळीच्या आत आणि एकमेकांवर घासणाऱ्या भागांना रंग लावायचा नाही. पाहा, आपल्या रंगाऱ्याचेच शास्त्र!

मात्र या छंदातच खरा पेच आहे. रंग लोखंडाला वाचवतो हे खरे, पण तो चढवण्याआधी जे खरवडले जाते ते परत येत नाही. कारखान्याचा शिक्का, साल, शस्त्रागाराचा अनुक्रमांक, शिपायाच्या तळव्याने झिजलेली जागा, हीच त्या वस्तूची वहिवाट. ती पुसली की उरते ते नवे कोरे लोखंड, ज्याला काही सांगायचे नाही. म्हणून वस्तुसंग्रहालयांत नियम असतो: होईल तितके कमी करावे, आणि जे कराल ते उद्या काढता यावे.

हा पेच परदेशातल्या रायफलीपुरता नाही. आपल्याकडे जुन्या घराण्यांत खंडेनवमीला तलवार बाहेर निघते. तिच्यावरचे काळे डाग पाहून घरातल्या तरुणांना वाटते, यंदा बफ मारून आणू, निकेलचा मुलामा देऊन आणू. हेतू चांगला, आजोबांची वस्तू झळकावी एवढाच. पण जुन्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणत. मुठीवर सोन्याच्या तारेची कोफ्तगरी असते. बफच्या चाकापुढे पाच मिनिटांत दोन्ही जातात. शिकलगार धार लावी आणि पाते उजळीही, पण आपण काय राखतो आहोत हे त्याला ठाऊक असे.

तेव्हा तलवार हाती आली तर एवढेच करा. मऊ फडक्याने धूळ झटका, पात्याला उघडे बोट लावू नका, लावलेच तर लगेच पुसा आणि तेलाचा पुसटसा हात फिरवा. डाग असू द्यावेत. झळाळी कोणत्याही दुकानात विकत मिळते. डाग पडायला तीन पिढ्या लागतात.