भरत-राम भेट : मनांतलें चित्र आणि पवनारची शिळा

इ. स. १९२४ सालीं पॅरिस येथें आन्द्रे ब्रेताँ या कवीनें एक जाहीरनामा काढून कलेंत स्वप्नसृष्टीस मानाचें स्थान मागितलें. त्यांतून पुढें आलेल्या अतिवास्तववादी संप्रदायांतील स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यानें १९३७ मध्यें रोमन कवि ओव्हिड याच्या काव्यांतील नार्सिससची कथा रंगविली. पाण्यांतील आपल्याच प्रतिबिंबावर लुब्ध होऊन झुरणारा तो तरुण चित्राच्या एका बाजूस बसलेला आहे; शेजारीं त्याच घडणीचा दगडी हात असून त्याच्या बोटांतील अंड्यांतून फूल उमललें आहे. माणूस कोठें संपला व दगड कोठें सुरू झाला, हें पाहणाऱ्यास क्षणभर उमगत नाहीं.

जुन्या काव्यांतून दोन एकसारख्या आकृति मनांत उभ्या राहाव्या, असा प्रसंग त्याच दशकांत महाराष्ट्रांतहि घडला. मात्र तेथें कुंचला नव्हता. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा भावे गीतेवर प्रवचनें देत होते व साने गुरुजी तीं उतरून घेत होते. बाराव्या अध्यायावर बोलतांना विनोबांनीं राम-भरतांच्या भेटीचें चित्र वर्णिलें. एकानें चौदा वर्षें वनांत काढलीं, दुसऱ्यानें अयोध्येजवळ राहून तेंच व्रत पाळलें. तेव्हां भेटीच्या वेळीं वनांतून आलेला कोणता, हें ओळखूं येऊं नये. असें चित्र कोणी काढावें, ही इच्छाहि त्यांनीं बोलून दाखविली.

१९३८ मध्यें विनोबा वर्ध्याजवळ धाम नदीच्या तीरीं पवनार येथें राहावयास आले. तेथें जमीन खणतांना एक कोरीव शिळा वर आली. तींत त्यांना मनांतली भरत-राम भेटच दिसली. पुढें त्या शिळेची तेथेंच स्थापना झाली.

यांत चमत्कार मानावा काय? पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असें वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें व तेथील कित्येक शिल्पांत रामायणांतील प्रसंग ओळखले. पांचव्या शतकांतील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या नांवावर ‘सेतुबंध’ हें रामकथेवरील माहाराष्ट्री प्राकृत महाकाव्य आहे. १९६७ सालीं नागपूर विद्यापीठानें येथें उत्खननहि केलें. शिल्पांच्या अर्थाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. आणि दगडांतील आकृति कोणाची, हें एकाच्या श्रद्धेवरून ठरत नाहीं.

परंतु एवढें खरें, कीं ज्या भूमीच्या राजानें रामकथा गाइली, तेथें ती दगडांत उतरणें स्वाभाविक होतें. पुढें तीच कथा कीर्तनांतून व आईच्या तोंडून घरोघर वाहत राहिली. म्हणून पंधराशें वर्षांनंतर तुरुंगांतल्या एका मनास तेंच चित्र सुचलें. शिल्पकार व विनोबा यांच्यामधला दुवा स्वप्नाचा नव्हे, काव्याचा आहे.

नार्सिससला पाण्यांत दुसरा दिसला, तो तोच होता. म्हणून तो झुरून गेला. भरत व राम दोघे असून एकासारखे झाले, ते एकमेकांसाठीं झिजून. पवनारच्या शिळेपुढें उभें राहणाऱ्यानें हा भेद मनांत ठेवावा.